अन्नमंत्र्यांनी कोंडलेला मास्तर

हसायचं तर हसा, पण पूर्ण ऐकून मग हसा. माणूस शहाणपणाच्या भरात किती गाढव होतो, ते मी तांदळाच्या पोत्यामागे बसून शिकलो.

मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. अकोल्याहून एसटीने जाणं-येणं. लागोपाठ कपाशी बुडालेली, निम्म्या घरांतली कर्ती माणसं सुरतेला कामाला गेलेली. सोमवारी प्रार्थनेला पोरं मटकन खाली बसायची आणि मी त्यांना आळशी म्हणायचो. पुढे ते थांबलं, तर मला वाटलं, माझ्या ओरडण्याचा गुण आला.

तेव्हा मला एकच नाद. मुलांना जबाबदारी द्या! शाळेत मंत्रिमंडळ केलं. सातवीतली नसरीन अन्नमंत्री, म्हणजे खिचडीच्या तांदळाच्या खोलीची किल्ली तिच्याकडे. नियमही मीच केला. न सांगता कोणी खोलीत सापडलं, तर आधी कोंडायचं, मग सभा घेऊन निर्णय. "अगदी मी सापडलो तरी," हेही छाती फुगवून सांगितलं. टाळ्या पडल्या, मला काय, तेवढंच पाहिजे होतं.

मग तांदूळ कमी भरायला लागला, तोही दर शनिवारी. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. पोरीच्या हाती किल्ली दिली आणि फसलो, असं घरी बायकोला ऐकवायला लागलो.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना खोली उघडी दिसली, तसा आत शिरलो आणि पोत्यामागे दबा धरून बसलो. बाहेरून कुलूप लागलं. पाय आखडले म्हणून जरा टेकलो, तर पोत्याचं तोंड सुटलं आणि तांदूळ सगळा माझ्या सदऱ्यावर. तेवढ्यात कुलूप उघडून नसरीन आत आली. हातात माप.

मी उठलो. "सापडलीस."

तिने माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. "सर, तुमी बसा. नियम हाये," म्हणाली आणि पुन्हा कुलूप लावून गेली.

खिडकीबाहेरच सभा भरली. मुख्यमंत्री होता आमचा गजू.

"सर चोर हायेत काय?" त्याने विचारलं.

"चोर नाई. भूक लागली असन," नसरीन म्हणाली.

"त्यायले तं पगार हाये."

"घरी खायाले असतं तं सर पोत्यामागं लपले असते काय?"

गजूला हे पटलं. आत बसून मलाही पटायला लागलं.

"ज्यायच्या घरी रविवारी चूल पेटत नाई, त्यायले आपन शनिवारी तांदूळ देतो ना," नसरीन म्हणाली, "मंग सरायलेबी देऊ. करा हात वर."

सगळ्यांनी हात वर केलेले मला खिडकीतून दिसले. तांदूळ कुठे जात होता, ते तेव्हा कळलं. सोमवारी पोरं का बसायची आणि पुढे ते का थांबलं, तेही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कुलूप उघडलं. नसरीनने रुमालात बांधलेला तांदूळ पुढे केला. "लाजू नका, सर. आमी गावात कोनाले सांगत नाई."

नको म्हणायचं, तर तुला चोर समजून लपलो होतो, हे सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत या मास्तरात नव्हती. गाठोडं मुकाट्याने घेतलं आणि अकोल्यापर्यंत मांडीवर धरून बसलो.

त्या खोलीतून तांदूळ चोरीला गेला असेल, तर तो एवढाच.