मावशीच्या गोष्टीतला भाऊ

आमच्या ऑनलाइन वर्गात हजेरी सुरू झाली की बाकीचे चॅटमध्ये एक 'येस' टाकून मोकळे व्हायचे. मावशी मात्र पदर सावरून, कॅमेऱ्यापुढे ताठ बसून, खणखणीत आवाजात "हजर!" म्हणायची. सर्जनशील आणि व्यावसायिक लेखनाच्या एम.ए.ला आम्ही अकरा जण होतो, बहुतेक पंचविशीतले. ती बासष्टची. "मावशी म्हणता, तर अहो-जाहो कशाला रे?" असं तिनेच पहिल्या दिवशी बजावलं होतं.

विक्रोळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिने तीस वर्षं सूचनाफलकासाठी नोटिसा टाइप केल्या होत्या. त्यामुळे व्यावसायिक लेखनाच्या तासाला आम्हा जाहिरातवाल्यांची वाट लागायची. माझ्या दीडपानी परिपत्रकाचं काम तिने चार ओळींत भागवलं. म्हणाली, "नोटीस उभ्या उभ्या वाचून झाली पाहिजे. माणूस पाळीवर निघालेला असतो." साहेबाने लाल पेन्सिलीने काट मारली की तो मजकूर गेला, त्यावर हुज्जत नाही, ही सवयही तिला तिथलीच.

सर्जनशील लेखन तिला एकाच गोष्टीसाठी शिकायचं होतं. "आमच्या घरची एक गोष्ट आहे. तेवढी नीट लिहून झाली की मी सुटले." पुस्तक, बक्षीस असलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. दुसऱ्या वर्षी ती गोष्ट तिने वहीतून वाचून दाखवली. चाळीतलं बिऱ्हाड, आजारी आई, सगळा भार ओढणारी मुलगी. आणि वसंत नावाचा भाऊ, जो पानोपानी यायचा-जायचा आणि करत काहीच नव्हता.

ज्याच्या लेखनावर चर्चा, त्याने तोंड उघडायचं नाही, असा वर्गाचा नियम. मावशी माइक बंद करून पेन घेऊन बसली. मी त्या दिवशी भलताच रंगात होतो. म्हणालो, "हा भाऊ अनावश्यक आहे. काढला तरी गोष्टीचं काही अडत नाही." पडद्यावर भराभर अंगठे उठले. शिकवणाऱ्या मॅडमनीही मान डोलावली. मावशीने सगळं लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी गोष्ट आली ती भावावाचून. मॅडमनी तिचं कौतुक केलं आणि मी मनातल्या मनात माझं.

परीक्षा संपल्यावर तिने घावणे खायला घरी बोलावलं. मी दिंडोशीच्या माझ्या घरून गेलो. भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता, केस तेल लावून चापून बसवलेले.

"हा कोण गं?"

"वसंता. तू काढलेला तो." घावणा उलटता उलटता ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

बाविसाव्या वर्षी तो काविळीने गेला होता. "रेशनकार्डावरचं नाव खोडलं, मग कुठेच उरला नाही रे तो. म्हणून म्हटलं, लिहावा."

मी गोष्टीचा पहिला खर्डा मागितला.

"ती पानं फाडली मी. नोटीस बदलली की जुनी ठेवायची नसते."

"पण मावशी, मला सांगायचंस तरी!"

"बोलायचं नाही असा नियम होता ना? आणि तू काही खोटं नाही बोललास. गोष्ट त्याच्यावाचून चालते." तिने माझ्या ताटात आणखी एक घावणा वाढला. "घर पण चाललंच ना."

या माघात मावशी गेली. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र दोन दिवस फोनकडे बघूही शकलो नाही. हल्ली मी दुसऱ्यांच्या कथा तपासतो, आणि 'अनावश्यक' हा शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही.

वसंत मला आठवतो तेवढा इथे लिहून ठेवतो. तो शिट्टी वाजवत जिना चढायचा. आईला खोकल्याची ढास लागली की तिची पाठ चोळत बसायचा. आपल्या वाटणीची साय बहिणीसाठी झाकून ठेवायचा. मावशीने त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली होती. बाकीचा मी काढून टाकला.