मिठाचं प्लास्टर

लालबागला मूर्तीशाळेपाशी ओल्या प्लास्टरचा वास आला आणि बाबांचा कारखाना आठवला. तेव्हा मी अकरावी सायन्सला होते. मूर्ती न्यायला आलेले ढोल दाराशी वाजत होते, तेवढ्यात गणपतीचं बोट तुटलं.

"नवं बोट घट्ट व्हायला वेळ लागणार," बाबा कपाळाला हात लावून म्हणाले.

"प्लास्टर कोमट पाण्यात मीठ घालून कालवू या," मी म्हणाले. " लवकर धरेल."

एरवी मूर्तीला हात लावू न देणाऱ्या बाबांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. बाहेरून हाका येत होत्या, मी भराभर बोट घडवून बसवलं. ते धरलं, बाबांनी रंग फिरवला.

मूर्ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "मीठच का गं?" मी पुस्तकातलं घडाघडा बोलत सुटले. ऐकणाऱ्या बाबांचा शाळकरी मुलासारखा चेहरा मला आजही दिसतो.