राष्ट्रपतींकडे मागितलेली रजा

"पोऱ्यानी रजा सरी गयी, आठ दिन व्हयनात. दिल्लीना जवाब नही उना," आत्माराम आबा म्हणाले आणि तारेची पावती माझ्या टेबलावर ठेवली.

सुरतेत आमच्या मराठी दैनिकाच्या ऑफिसातली ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आबा शहरातल्या लिंबायत वस्तीतले लूम कामगार, म्हणजे यंत्रमागावरचे; बोली अजून गावाकडचीच. मुलगा संजय फौजेत जवान, रजेवर आलेला. आईचं पोटाचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. आबांनी पंधरा दिवस रजा वाढवून मागितली होती, थेट राष्ट्रपतींकडे.

"युनिटला तार का नाही केली?"

"भाऊ, मुकादम नही म्हनना तं आपन सेठकडेच जातस ना? तुमनाच पेपरमां व्हतं, राष्ट्रपती फौजना सेठ."

तो मजकूर माझाच होता. प्रजासत्ताक दिनाची चौकट. तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च प्रमुख राष्ट्रपती, एवढं मी छापलं होतं. हा अधिकार कायद्याप्रमाणेच चालतो आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, हे पुढचं वाक्य जागेअभावी कापलं होतं.

जवानाची रजा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटचा प्रमुख, वाढवतो. न विचारता जास्त राहणं फौजेत गुन्हा. महिना उलटला की चौकशी बसते, जवान पळपुटा ठरू शकतो. नोकरी जाते.

संजय दाराशी ताठ उभा होता.

"तुला तर नियम माहीत होता."

"होता, सर. पण आबा म्हणाले, सेठना सेठले तार करेल शे, तू तुना कर्नलले काय भ्यास?"

"मंग! माय ऑपरेशनले, अन् तू गाडीमां बसशी?" आबा म्हणाले.

मी संजयच्या नावाने त्याच्या कर्नलला इंग्रजीत तार लिहिली: रजा संपली, चूक मान्य, आईचं ऑपरेशन, मुदतवाढ द्यावी. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. दहा दिवस मंजूर. आधीच्या दिवसांचा जाब हजर झाल्यावर द्यायचा.

आई घरी आल्यावर संजय युनिटला परतला, आणि पुढचं त्याच्या पत्रातून कळलं. सात दिवस लाइनीबाहेर, म्हणजे बराकींच्या आवाराबाहेर, पडायचं नाही, एवढीच शिक्षा झाली. नोकरी राहिली. कर्नलने आधी विचारलं, "युनिटचा पत्ता विसरलास?" मग विचारलं, "आई जेवते का आता?"

वाचकाला सगळ्यात मोठा साहेब कोण ते सांगावं. पण अर्ज कुणाकडे करायचा, ते आधी सांगावं.