पडद्यामागून आलेला ‘हौ’

हसायचं तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण माझा हा मूर्खपणा मुंबईच्या मोठमोठ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे!

माझा थोरला भाऊ किसनदादा यंदाच्या उन्हाळ्यात तापाने गेला. त्याआधी आमच्या बालाघाटकडच्या खैरलांजीच्या, धानाची रोवणी म्हणजे लावणी करणाऱ्या बायांवर त्याने एक छोटा सिनेमा केला होता. मुंबईत नवख्या सिनेमावाल्यांसाठी दरवर्षी देशोदेशीचा महोत्सव भरतो, तिथे त्याला इनाम लागलं. घरचं कोणीतरी या, असा निरोप आला.

माय म्हणाली, “मधू, त्याचं नाव पुकारतील तवा तू हजर पाह्यजे. माह्या किसनाचं नाव हवेत नोको जाऊ देऊ.”

“हौ माय!”

बालाघाटहून निघालो. मुंबईच्या त्या थेटरात माझ्यासाठी पहिल्या रांगेत मखमली खुर्ची! पण खैरलांजीच्या तंबूत सिनेमा यायचा तेव्हा आम्ही दोघं नेहमी पडद्याच्या मागे बसायचो. तिकीट स्वस्त. अक्षरं उलटी दिसायची, पण मला सुलटी तरी कुठे वाचता येतात? आता दादाचाच सिनेमा, तो मी खुर्चीत एकटा बसून पाहू?

दारावरच्या माणसाला विचारलं, “भैया, परदे के पीछे किधर से?”

त्याला वाटलं मी कामगार. “उधर से. जल्दी जा!”

मागे अंधार आणि धूळ. पडदा जाड, चित्र पुसट. पण आवाज! मध्येच सिनेमात कॅमेऱ्यामागून दादा ओरडला, “मावशे, इकडे नोको पाहू, रोवणी कर!” मी एकटाच हसलो. रडलोही.

सिनेमा संपला. कोणीतरी इंग्रजीत बराच वेळ बोललं. मला कळलं ते एवढंच: “किसन.” मग सगळं चिडीचूप. इनाम घ्यायला कोणीच पुढे जाईना! मायचे शब्द आठवले आणि मी जीव खाऊन ओरडलो,

“हौ! आलो जी, आलो!”

मला काय ठाऊक, की सिनेमा करणारा आता या जगात नाही असं सांगून त्यांनी सगळ्यांना शांत उभं केलं होतं?

पडद्याखालून रांगत निघालो, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढरा. एक परदेशी बाई किंचाळून शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडली! इनाम द्यायला आलेल्या पाहुण्याच्या हातातलं पदक खणकन खाली.

“मी किसन नोहो जी! त्याचा लहान भाऊ होय!”

मग जो हशा उठला, तो दादाने ऐकायला हवा होता. पाहुण्याने आधी माझा हात दाबून पाहिला, जिवंत माणसासारखा उबदार लागला, तेव्हा कुठे पदक गळ्यात घातलं.

घरी मायच्या ओंजळीत पदक ठेवलं आणि सगळं सांगितलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोट धरून हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली,

“वा रे पोट्ट्या! गेला किसन, अन् भूत झाला तू!”