पोस्टरवरची वहिनी

तासगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसवाल्यांची पोटं आत घ्यायची आणि मेलेल्यांच्या फोटोला हार घालायचा, एवढाच धंदा. त्यामुळे गावातल्या समितीचे अध्यक्ष ‘विधवा प्रथा बंद’ मोहिमेचं पोस्टर करून घ्यायला आले, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, एकदाचं कामाचं काम आलं.

अध्यक्षांच्या डोक्यात सगळं तयारच होतं. “केसाच्या तेलाच्या जाहिरातीत असतंय बघ, आधी आणि नंतर. तसं कर रं. हिकडं मोकळं कपाळ, तिकडं कुंकू. आन् बाई आपल्या गावचीच पायजे. तुजी वैनी हाय की.”

माझा थोरला भाऊ फौजेत होता. सुट्टीवर येताना शिरवळजवळ अपघातात गेला. तेव्हापासून वहिनी शेडवर बेदाणा निवडायला जाते आणि लग्नकार्यात स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. येऊ देत नाहीत, असं म्हणायला हवं; आणि येऊ न देणाऱ्यांत पहिली माझी आई.

वहिनीनं एकच अट घातली. “फोटू काढा, कुटं बी लावा. पर माज्या लेकीच्या लग्नात पयली हळद मी लावणार.” लग्न तोंडावर आलं होतं. अध्यक्षांनी छातीला हात लावला. “आवं वैनी, ह्ये काय सांगाय पायजे व्हय? मी सोता उभा ऱ्हातो.”

शेजारच्या दुकानातून टिकल्यांचं पाकीट आणून फोटो काढला. जाताना वहिनीनं टिकली उपटून माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवली. “आत्याबाई बघतील,” म्हणाली. आत्याबाई म्हणजे माझी आई.

पोस्टर झकास झालं. खाली हात जोडलेले अध्यक्ष, वहिनीहून मोठे. ते तर लागतातच. एसटी स्टँडपासून शाळेच्या भिंतीपर्यंत वहिनी झळकली. शेडवरच्या बाया तिला रोज विचारायच्या, “काय गं, आज आधी हायस का नंतर?” ती हसण्यावारी न्यायची. पुतणी सांगलीला नर्सिंग शिकलेली. तिनं पोस्टर स्टेटसला ठेवलं, वर लिहिलं, ‘माझी आई, माझा अभिमान’. मी ते दुकानात येईल त्याला दाखवत होतो.

हळदीच्या दिवशी पाटाभोवती सवाष्णी जमल्या. आई तोंड वाकडं करून कोपऱ्यात बसली, पण गप्प बसली. मला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं. अध्यक्षांनी मोबाइल वर धरला. वहिनी टिकली लावून, हिरवी साडी नेसून सगळ्यांसमोर आली. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि लेकीच्या गालाकडे हात नेला.

पुतणीनं मान मागे घेतली.

“आई, तू नको,” ती हळूच म्हणाली. “आधी बाकीच्यांना लावू दे. उगाच काय झालं तर.”

अध्यक्षांनी मोबाइल खिशात घातला. “पोरीचंच मन न्हाई, तितं आपून काय करणार?” म्हणाले, आणि बायकोला डोळ्यानं खुणावलं. अध्यक्षीणबाईंनी वहिनीच्या हातातली वाटी काढून घेतली. बायकांनी गाणं धरलं.

मी वहिनीच्या मागून मोरीकडे गेलो. ती बोटं चोळून धूत होती. त्या पोरीच्या थोबाडीत द्यावी, इतका मला राग आला होता. म्हटलं, “ही शिकली का झक मारली? आत्ता जाऊन सगळ्यांदेखत विचारतो तिला.”

“भावजी, तिला एक शबुद बोलायचा न्हाई,” वहिनी म्हणाली. “उद्या जावयाला काय झालं, तर तिला माजाच हात आठवल. जलमभर.” तिनं पदराला हात पुसले. “माजी आई अशी आली असती फुडं, तर मी बी मान मागं घेतली असती.”