चपलेच्या रबराचा शॉकअप

पुढचं चाक धरणारा सायकलचा चिमटा मी टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळला होता आणि त्याच्या वरचं टोपण फिरायला तयार नव्हतं. पाना लावला की घसरायचा. वनमाला सिस्टर मागे उभ्या होत्या.

"भाऊ, होईन ना?"

"मशीनच हाये ना ते? मंग होईन."

"तसं नाही. तांड्यावरच्या धनसिंगचं रक्त सायकलवर आणताना दोनदा वाया गेलं. तो म्हणते, आता एकडाव देतो, मंग नाही. अन पोळा झाला का तो पुन्हा फवारणीवर जाते."

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलंही. पण माझं लक्ष टोपणाकडे होतं.

मी जिनिंगचा फिटर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. कापसाची ती वाईट वर्षं होती. एरवी पावसाळ्यात आम्ही सगळ्या मशिनी खोलून पुढच्या हंगामासाठी तयार करतो. त्या वर्षी शेठने ओव्हरहॉलच काढला नाही. हंगाम लागेल याचा त्यांनाच भरवसा नव्हता. मी रोज जायचो, कुलूप उघडायचो आणि बसून राहायचो. रिकामा बसलो की मी चिडतो, आणि तेव्हा खूप चिडत होतो. त्यामुळे सायकल आली तेव्हा मला बरंच वाटलं.

सिस्टर बोरी अरबकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स होत्या. सायकल बाहेरच्या देशातून आलेल्या एका डॉक्टरने जाताना तिथेच सोडलेली. डोंगरात चालवायची, पुढे शॉकअपवाली. चिमट्याच्या दोन्ही नळ्यांच्या आत आणखी एकेक नळी, आणि त्या आतल्या नळ्यांत सळईवर ओवलेले रबराचे गट्टू. चाक दगडावर गेलं की गट्टू दबतात आणि धक्का हातापर्यंत येत नाही. निदान यायला नको.

टोपण पातळ होतं. बाजारातल्या सॉकेट पान्याचं तोंड आतून थोडं गोल असतं, म्हणून ते वरवर धरून सुटायचं. मी सॉकेटचं तोंड ग्राइंडरवर सपाट घासलं. मग मात्र ते टोपणावर पूर्ण बसलं आणि टोपण कुरकुरत फिरलं. खालचा बोल्ट नळीच्या तळाशी, वरूनच पोचावं लागणार. एवढी लांब अ‍ॅलन की म्हणजे सहा बाजूंची चावी कुठे मिळणार? एक साधी चावी कापली आणि जुन्या सळईच्या टोकाला वेल्डिंग केली. नळ्या सुट्या झाल्या. आतून गंज निघाला आणि काळा चिकट लगदा. तेच एके काळचं रबर.

शेठ दारात येऊन उभे राहिले.

"अशोक, जिनिंग बंद हाये अन तू हे काय खोलून राह्यला?"

"हाताले गंज नको चढाले, शेठ."

"चढू दे. यंदा तेवढंच पिकणार हाये," असं म्हणून ते गेले.

ती रबर ओवलेली सळई पाहून मला फार आनंद झाला होता. आमच्या जिनचा रोलर अगदी असाच असतो. लोखंडी दांड्यावर चामड्याच्या चकत्या ओवायच्या, दाबायच्या आणि नट आवळायचा. हे काम तर मी झोपेतही केलं असतं. पडून असलेल्या चामड्यातून छोट्या चकत्या कापल्या, ओवल्या, आवळल्या. रोलरमध्ये जरा जरी ढिलाई राहिली तरी सरकी फुटते आणि मालक शिव्या घालतो. म्हणून मी चिमटा असा बसवला की हलवून हलणार नाही. सिस्टरना सायकल दिली तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. त्यांनी पिशवीतून काचेची एक नळी काढून माझ्यासमोर धरली. खाली काळपट रक्त, वर लाल पाणी.

"भाऊ, हे वरचं पाणी पिवळं पाह्यजे. रस्त्यानं रक्त घुसळलं का त्यातल्या पेशी फुटतात अन सगळं लाल होते. मंग यवतमाळची लॅब घेत नाही."

माझा चेहरा पडला. "धनसिंगचं हाये?"

"नाही. हे माह्यं हाये."

त्यांनी स्वतःच्या हाताचं रक्त काढून ती नळी तांड्यापर्यंत नेली होती, परत आणली होती आणि दवाखान्याच्या मशीनवर फिरवून पाहिली होती. धनसिंगचा शेवटचा चान्स माझ्या चिमट्यावर लावायची त्यांची तयारी नव्हती. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

तेव्हा कुठे मी नीट विचारलं, रक्त कशाला पाहिजे. फवारणीचं औषध अंगात भिनलं की रक्तातला एक घटक कमी होतो, तो मोजायचा होता. धनसिंग मजुरीने दुसऱ्यांच्या शेतात फवारायचा. घाम फुटायचा, हात थरथरायचे. तो म्हणायचा थकवा आहे. त्याची बायको शांती म्हणायची, हा थकवा नाही. कागदावर आल्याशिवाय तो थांबणार नव्हता.

"तुमी लय घट्ट केलं," सिस्टर म्हणाल्या. "लेकरू घट्ट धरलं का सुईच्या आधीच रडते."

पायातली हवाई चप्पल काढली आणि टाचेजवळ अंगठ्याने दाबली. दबली आणि वर आली. चामडं असं करत नाही.

चकत्या पाडायचा रोलरचा पंच होताच. चप्पल त्यातच संपली, मग चप्पल दुरुस्तीवाल्याकडून तसल्याच रबराची शीट आणली. गट्टू पाडले, मधे भोकं, दोन गट्टूंमध्ये पत्र्याचा पातळ वॉशर. नट हाताने लागेल तेवढाच लावला. पाना उचलायचा नाही, हे मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं. सिस्टर सायकलवर बसल्या तसं हँडल खाली गेलं आणि परत वर आलं. आयुष्यभर मी ज्याला बिघाड म्हणत होतो, तेच इथे मुद्दाम करून ठेवत होतो.

त्यांनी दुसऱ्या हाताचं रक्त काढलं आणि पुन्हा तीच फेरी मारली. संध्याकाळी नळी दाखवायला त्या स्वतः आल्या. वर पिवळं पाणी होतं, पातळ चहापेक्षाही स्वच्छ. त्यांच्या दोन्ही कोपरांच्या खाचेत चिकटपट्टी होती. मी कधी कुणाच्या पाया पडत नाही, पण त्या दिवशी तसं वाटलं.

मग धनसिंगचं रक्त आलं आणि यवतमाळला गेलं. घटक फार कमी निघाला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, फवारणी बंद. धनसिंगने कागद हातात धरून विचारलं, "मंग खाऊ काय?" शांतीने फवारणीचा पंप खांद्यावर घेतला, शेतमालकाच्या दारात नेऊन ठेवला आणि मागे न पाहता घरी आली.

त्या हिवाळ्यात जिनिंग थोडे दिवस का होईना, चाललं. धनसिंग सरकीची पोती भरायला आला. शेठला मी एवढंच म्हणालो होतो की माणूस माझ्या ओळखीचा आहे. हात अजून थोडे थरथरायचे, म्हणून पोत्यांची तोंडं शिवायचं काम मी दुसऱ्याला दिलं.

चपलेचं रबर टिकाऊ नाही. ते चेपून जायचं आणि सिस्टर पुन्हा सायकल घेऊन यायच्या. मी पंच काढायचो आणि आधी विचारायचो, "यावेळी कोणाचं रक्त?"

दुरुस्तीला आलेल्या वस्तूत काय बिघडलंय हे फिटरला उघडल्यावर कळतं. तिच्यावरून काय जाणार आहे, ते मात्र विचारावं लागतं.