रडून झाल्यानंतरचे भाईकाका

‘कसे आहात भाईकाका?’ असं विचारलं, तर त्यांनी ‘बरा आहे’ असं कधी म्हटलं नाही. ‘आसंय,’ म्हणजे ‘आहे’, एवढंच म्हणायचे. मालवणी न कळणाऱ्याला वाटे, माणूस तुसडा आहे. पण त्यांच्या लेखी तीच मोठी बातमी होती.

लालबागच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत ते थोरल्या भावाच्या कुटुंबात राहत. मिल बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले होते. मी दादरला नोकरी करू लागले त्याच सुमारास ते वाळत गेले. एचआयव्ही निघाला, सोबत टीबी. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना खाली नेलं, तेव्हा बायका पदराआड रडल्या. गावाहून नातेवाईक येऊन भेटून गेले. वहिनींनी त्यांचे कपडे वाटून टाकले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

परळच्या सरकारी इस्पितळात गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला नुसत्या उलट्या. घरी आणलं ते शेवटचे दिवस घरात जावेत म्हणून. आणि एका सकाळी आतून आवाज आला, ‘वयनी, वायच कुळथाची पिठी घाल गो.’ वहिनींच्या हातातलं भांडंच पडलं.

महिन्या-दोन महिन्यांत भाईकाका भावाचा ढगळ शर्ट घालून गॅलरीत उभे राहू लागले. चाळीला आनंद झाला, नाही असं नाही. पण ज्याच्यासाठी एकदा रडून झालं, त्या माणसाशी काय बोलायचं, हे कुणाला सुचेना. त्यांच्या खाटेच्या जागी पुतण्याचं टेबल आलं होतं. ते हलवा असं ते म्हणाले नाहीत. गॅलरीत अंथरूण घालू लागले. ताट वेगळं, तांब्या वेगळा. दोन्ही स्वतःच घासून उन्हात पालथे घालत.

भजनात पखवाज वाजवावा तर त्यांनीच. बरे झाल्यावर ते एका गुरुवारी भजनाला गेले. ‘येऊ नका’ असं कुणीच म्हटलं नाही. उलट त्यांना पुढे बसवलं. मग चहा आला. सगळ्यांना काचेच्या ग्लासात, भाईकाकांना प्लास्टिकच्या कपात. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप चुरगळून खिशात घातला आणि अभंग संपेपर्यंत वाजवत राहिले. त्यानंतर पखवाजाला त्यांनी हात लावला नाही.

बोलायचे ते इस्पितळातल्या बाकाविषयी. गोळ्या घ्यायला गेलं की त्या बाकावर जमणारी काही माणसं होती. ‘सुरवातीचे म्हयने काढले की मग आपण पण चार माणसांसारखेच मरतो, आपल्या वेळेक,’ ते सांगत. पण ते पहिले महिने सगळ्यांना निभले नाहीत. कुणी उशिरा आलं होतं, कुणी गावी जाऊन गोळ्या सोडल्या. एखादा दिसेनासा झाला की भाईकाका त्याची चौकशी करत नसत. ‘इचारलं तर सांगतील ना,’ म्हणायचे. ते स्वतः मात्र एक गोळी चुकवत नसत. पुढे त्या बाकावर सगळी नवीन माणसं बसू लागली.

अशी बरीच वर्षं गेली आणि थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. वहिनींची कंबर गेलेली, पुतण्या कामावर. भावाला आंघोळ घालणं, दाढी करणं भाईकाकांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी मी तिथेच होते. त्यांनी भात कालवला, घास पुढे केला. भावाने तोंड मिटून घेतलं. भाईकाकांचा हात तसाच राहिला.

‘जेवणातना लागणा नाय, दादा,’ ते हळूच म्हणाले. ‘खा.’

भावाचे डोळे भरून आले. मग त्याने तोंड उघडलं. शेवटपर्यंत तो त्यांच्याच हातून जेवला.

भाऊ गेल्यावर वहिनी मुलाकडे विरारला गेल्या. जाताना ‘तुम्ही पण चला’ म्हणाल्या. भाईकाका ‘बघू’ म्हणाले, आणि दोघांनाही त्याचा अर्थ कळला. चाळ पाडायला निघाली. आम्ही डोंबिवलीला आलो, त्यांना भायखळ्याला तात्पुरती खोली मिळाली. फोनवर एकदा म्हणाले, ‘मराची तयारी सगळ्यांनी केलेली गो. म्हातारपणाची कोणी करूकच नाय.’

गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना सोबत माणूस हवा, म्हणून इस्पितळातल्या सिस्टरने त्यांच्या मोबाइलवरून मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा ते डोळ्यावर पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

‘तुम्ही यांच्या कोण?’ सिस्टरने विचारलं. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,

‘शेजारीण होती.’

जिना उतरताना मी त्यांचा हात धरून माझ्या खांद्यावर ठेवला. नको म्हणाले नाहीत. पण सगळा भार कठड्यावरच टाकला होता. खांद्यावरचा हात इतका हलका होता, की मध्येच त्यांनी तो उचलून घेतला असता तर मला कळलंही नसतं.